८×४२ दुर्बीण : खाडीकाठ आणि माळावरचा एक हिवाळा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आठवड्याला दोन-तीन पहाटा एवढा वापर. जागा दोन, नवी मुंबईतल्या : सीवूड्सला एनआरआय वसाहतीमागची पाणथळ आणि खारघरच्या टेकड्यांखालचा गवताळ माळ. दुर्बीण मध्यम किमतीची, वजन पाऊण किलोच्या आत.

पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. बहुतेक जण १०×४२ च मागतात. त्यात पक्षी मोठा दिसतो, नाकारायचं कारण नाही. पण जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि माळावरची गडबड त्याआधीच सुरू झालेली असते. ४२ ला ८ ने भागा : सव्वापाच मिलिमीटरचा झोत डोळ्यात येतो. दहा पटीत तोच ४.२. झुंजुमुंजू उजेडात गवताच्या काडीवर बसलेल्या गप्पीदासाच्या (एक छोटा पक्षी) छातीवरचा तांबूस रंग कळतो की नाही, ते या फरकावर ठरतं. शिवाय हात कमी थरथरतो आणि दृश्याचा घेर मोठा असल्याने गवतावरून वळणं घेत जाणारा भोवत्या (एक शिकारी पक्षी) निसटत नाही.

पाणथळीवर दूरच्या तुतवार-चिखल्यांना (चिखलात चरणारे छोटे पक्षी) मात्र आठ पट अपुरी. उपाय दुर्बिणीत नाही, भरतीच्या वेळापत्रकात आहे : भरतीला चिखल बुडाला की हे पक्षी खाडीतून आतल्या तळ्यांवर येऊन बसतात. आणि नवी मुंबईच्या काठावर सकाळचं ऊन पाठीशी असतं. समोरच्या भांडुपच्या काठावरून खाडी पूर्वेला, त्यामुळे रोहितसुद्धा (फ्लेमिंगो) काळेच दिसतात.

‘धूसर दिसतं’ ही तक्रार बहुधा काचेची नसते, जुळवणीची असते. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करा. मग डावा मिटून, चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रिकेची (डोळ्याकडच्या भिंगाची) कडी फिरवा. चष्मा असेल तर रबरी वाट्या पूर्ण खाली. या दुर्बिणीची कडी सैल आहे, पिशवीत घासून सरकते. खूण म्हणून नेलपॉलिशचा ठिपका पुरतो.

आत नायट्रोजन भरलेला असल्याने आतून काच धुरकटत नाही, बाहेरून धुरकटतेच. मुख्य कारण स्वतःचा श्वास, दुसरं एसी गाडी. उतरण्याच्या दहा मिनिटं आधी एसी बंद.

खाडीवरच्या खारट हवेचा थर सुक्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण काचेवरचं कोटिंग ओरबाडतात. आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग किंचित ओलं मायक्रोफायबर. खरा शत्रू पावसाळ्यातली बुरशी. घट्ट झाकणाच्या डब्यात निळी सिलिका जेल ठेवा, गुलाबी झाली की तापवून पुन्हा वापरा. कातडी पाऊच डब्याबाहेरच, तो ओल धरतो.

सोबतचा गळपट्टा अगदीच टाकाऊ. तासाभरात मान भरून येते; खांद्यावरून जाणारा हार्नेस वेगळा घ्यावा लागतो, तो खर्च किमतीत धरूनच चला.