गोल जिन्याचं एका ओळीचं कोटेशन आणि त्यामागची फसवणूक

'एमएस गोल जिना, ५ फूट व्यास, १० फूट उंची, ४८,००० रुपये. रेलिंग रनिंग फुटाप्रमाणे.' (एमएस म्हणजे माइल्ड स्टील, साधं लोखंड; रनिंग फूट म्हणजे लांबीचा फूट.) गच्चीवर किंवा पोटमाळ्यावर जायला जागा कमी पडते म्हणून गोल जिना करून घेणाऱ्या घरमालकाच्या हातात अनेकदा एवढाच कागद असतो. पुढे एक तर हा आकडा ७०-७५ हजारांवर जातो, नाहीतर आकडा तोच राहतो आणि जिना पातळ होतो. फसवणूक होते ती या कागदात न लिहिलेल्या गोष्टींमधून, म्हणून हाच जिना घेऊन हिशोब मांडतो.

ठोक भाव असेल तर लोखंड चोरलं जातं. मधला खांब ११४ मिमी बाहेरच्या व्यासाचा, म्हणजे बाजारात ज्याला ४ इंची पाइप म्हणतात तो. वरच्या रेलिंगपर्यंत त्याची लांबी ४ मीटर धरा. जाडी ४.५ मिमी असेल तर वजन ४९ किलो, ३ मिमी असेल तर ३३ किलो. पायऱ्यांना पत्रा लागतो साधारण २.२ चौरस मीटर. ५ मिमी जाडीला त्याचं वजन ८६ किलो, ३ मिमीला ५२ किलो (नक्षीचं आणि दुमडलेल्या कडांचं वजन वेगळं). तीनशे किलोच्या आसपास वजन भरायला हवं अशा जिन्यातून एवढ्या दोनच ठिकाणी ५० किलो लोखंड गायब होतं आणि रंग मारल्यावर डोळ्यांना काहीच कळत नाही. कळतं ते पायाला. गोल जिन्याची पायरी एकाच बाजूला खांबाला धरलेली असते. १०० किलोचा माणूस कडेला उभा राहिला की सगळा ताण खांबाजवळच्या वेल्डिंगवर येतो. पातळ पत्रा दबतो, वाजतो, आणि काही महिन्यांत सांध्याजवळ रंगाला चीर पडते. 'हेवी पाइप', 'जाड पत्रा' या शब्दांना काही अर्थ नाही. जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या आणि माल आल्यावर पाइपच्या कापलेल्या टोकाला व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) लावून मोजा.

किलोवर भाव ठरला की उलटा खेळ होतो: वजन वाढवायचं. पायरी पंख्याच्या पात्यासारखी असते. चौकोनी पत्र्यातून ती एकाच दिशेनं कापत गेलं तर जवळपास निम्मा पत्रा वाया जातो, उलटसुलट मांडली तर बराच वाचतो. बिल अख्ख्या पत्र्याच्या वजनाचं होतं आणि उरलेले तुकडे दुसऱ्याच्या कामाला जातात. म्हणून वजन तयार मालाचं, रंगाआधी आणि तुमच्यासमोर व्हायला हवं. रिकाम्या आणि भरलेल्या टेम्पोच्या वजनकाट्याच्या दोन्ही पावत्या घ्या. त्याच टेम्पोत दुसऱ्याचं गेट नाही ना, हेही बघा.

पायऱ्यांची संख्या कागदावर नसते, आणि आमच्या मते सगळ्यात घातक पळवाट हीच. चढ म्हणजे एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतची उंची. १० फुटांना १६ चढ केले तर प्रत्येक चढ १९० मिमी येतो; त्यासाठी १५ पायऱ्या लागतात, कारण शेवटचा चढ थेट वरच्या मजल्यावर जातो. १२ पायऱ्यांत काम उरकलं की चढ २३४ मिमी होतो, सव्वानऊ इंच. त्याचा त्रास घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रोज होतो आणि दुरुस्ती म्हणजे सगळा जिना कापणं. उंची मोजताना खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत मोजा. फरशी बसायच्या आधी जिना उभा केला, तर खालचा पहिला चढ ५० मिमीनं कमी होतो, वरचा शेवटचा तेवढाच वाढतो, आणि पाय नेमका तिथेच चुकतो.

आता रेलिंग. घरमालक मनात धरतो १० फूट. पण रेलिंग बाहेरच्या कडेनं फिरत वर चढतं. ५ फूट व्यासाच्या पूर्ण फेऱ्याला ते साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट भरतं, वरच्या चौकाचं (जिना संपतो तिथल्या सपाट जागेचं) आणखी ५ फूट. समजा दर ३५० रुपये असेल, तर ३,५०० वाटलेलं बिल ८,०५० होतं. मापात खोट नाही, पण हे आधी न सांगणं ही फसवणूकच. पुढचा धोका उभ्या गजांचा. बाहेरच्या कडेला दर पायरीमागे ३१९ मिमी अंतर असतं. पायरीला एकच गज दिला तर मधून लहान मूल सहज खाली जाईल. ३ गज हवेत, म्हणजे एकूण १५ नव्हे, ४५. 'जादा गज, जादा पैसे' हे वाक्य काम अर्धं झाल्यावर ऐकू येतं.

रेलिंग स्टेनलेस स्टीलचं असेल तर त्याला चुंबक लावून 'बघा, चिकटत नाही, ३०४ आहे' (म्हणजे कमी गंजणाऱ्या ग्रेडचं) असं दाखवतात. स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्यातून काहीच सिद्ध होत नाही. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेत हा फरक गंजातून लवकर दिसतो. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

खांबाखाली ३०० × ३०० × १२ मिमीची प्लेट काँक्रीटमध्ये चार अँकर बोल्टनी बसवायला हवी. नुसत्या टाइलवर स्क्रू मारलेली पातळ प्लेट चालवून घेऊ नका. वेल्डिंग रंगाआधी बघा: पायरीच्या सांध्याला सलग वेल्डिंग हवं, चार टाके आणि वर पुट्टी नको. स्लॅबमधलं भोक जिन्यापेक्षा किमान १०० मिमी मोठं ठेवा, नाहीतर रेलिंगवरची बोटं खरचटतात. स्लॅब कापणं, वाहतूक आणि रंग कोणाकडे, हे कागदावर हवंच. स्लॅब कापण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, कारण त्यात सळया तुटतात.

जिना करणारा म्हणतो, 'बिल नको म्हणा, जीएसटीचे १८ टक्के वाचतील.' ४८,००० वर ते ८,६४० रुपये होतात, मोह होतोच. पण बिल नसेल तर जिना त्यानेच केला हे दाखवणं अवघड जातं. निम्मी रक्कम आगाऊ देऊ नका. माल दारात आल्यावर ३० टक्के, पायऱ्या बसल्यावर ४०, रेलिंग झाल्यावर २०, आणि शेवटचे १० महिनाभर वापरून झाल्यावर. फसलाच असाल तर जाडीचे फोटो, काट्याच्या पावत्या आणि मेसेज जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.