गोव्यात पर्वरीतला भाड्याचा फ्लॅट, मालक पुण्यात: प्रॉपर्टी मॅनेजर नेमून दहा महिने

मॅनेजरला भाडेवसुलीचे दहात नऊ गुण, रिकाम्या घराच्या राखणीचे दहात चार. फ्लॅट दोन बीएचके, फर्निचरसकट, दीर्घ मुदतीच्या भाडेकरूसाठी. मॅनेजर मार्चमध्ये नेमला. जूनपासून चवथीपर्यंत (गणेश चतुर्थी) घर बंद होते. फी वसूल भाड्याच्या 8 टक्के, वर 18 टक्के जीएसटी, शिवाय नव्या भाडेकरूमागे अर्ध्या महिन्याचे भाडे.

करारात ‘वसूल भाड्याच्या’ हेच शब्द असू द्या. नुसते ‘मासिक भाड्याच्या’ लिहिले की भाडेकरूने पैसे थकवले तरी फी चालूच राहते. दुसरी गोम त्या अर्ध्या महिन्यात आहे. 11 महिन्यांनी जुनाच भाडेकरू राहिला तर मॅनेजरला काही सुटत नाही, नवा आला तर सुटते. मग कराराच्या नूतनीकरणाचा निरोप द्यायला तो कशाला घाई करेल? म्हणून नूतनीकरणालाही ठरावीक रक्कम लिहून घ्यावी, आणि भाडेकरू मुदतीआधी गेला तर पुढचा बिनदलालीचा.

बाकी भाडेकरूचे काम चोख झाले. पोलीस पडताळणीच्या फॉर्मची शिक्का मारलेली प्रत आली, डिपॉझिट थेट मालकाच्या खात्यात आले (ते मॅनेजरच्या खात्यात कधीही जाऊ देऊ नये), भाडे पाच तारखेच्या आत. मालक एनआरआय असेल तर भाडे कितीही कमी असो, भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो, हे मात्र आधीच बोलून घ्या.

खरी परीक्षा पावसात. गोव्यातले घर माणसे राहतात तेव्हा कमी आणि कुलूप असते तेव्हा जास्त बिघडते. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या पाठीला पंधरा दिवसांत बुरशी धरते, गादी खालून ओलसर होते, बाल्कनीच्या जाळीत पाने अडकली की पाणी हॉलमध्ये. दर दहा दिवसांनी फेरी, उघडीप बघून दोन तास खिडक्या उघड्या, पंखे चालू, सगळे नळ आणि फ्लश एकदा सोडायचे, जाळ्या साफ. कपाटे भिंतीपासून अर्धा फूट पुढे, गाद्या उभ्या. एवढे करारात एकेक करून लिहावे लागते. ‘देखभाल’ या एका शब्दात मॅनेजर फक्त कुलूप बघून येतो.

इथेही तसेच झाले. जुलैचे फोटो म्हणून जे आले ते जूनचेच होते: पडद्याची तीच घडी, टेबलावर तोच उन्हाचा पट्टा, आणि बाहेर म्हणे आठवडाभर झड. त्यानंतर नियम केला की फेरीचा व्हिडिओ वीजमीटरच्या आकड्यापासून सुरू व्हायचा, न थांबवता. फ्रिज बंद, गिझर बंद, तर आकडा जेमतेम हलायला हवा. ऑगस्टच्या मध्याला दोन फेऱ्यांत तो 58 युनिटने पुढे गेला. दीड टनाचा एसी तासाला सव्वा ते दीड युनिट घेतो. दोन खोल्यांत दोन रात्री एसी चालला की हिशेब जुळतो. लाँग वीकेंडला कोणीतरी राहून गेले होते. मॅनेजर म्हणाला, साफसफाईच्या मुलाने एसी लावला असेल.

हा प्रकार चोरीच्या भाड्यावर थांबत नाही. पर्यटकांना राहायला द्यायचे तर 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते, परदेशी पाहुणा असेल तर 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन फॉर्म भरून सरकारला कळवावी लागते. काही घडले तर पोलीस पहिल्यांदा मालकालाच फोन करणार.

दुरुस्तीचे बिल हा पुढचा मुद्दा. एप्रिलमध्ये ‘एसी गॅस’, ऑक्टोबरमध्ये त्याच एसीला पुन्हा ‘एसी गॅस’. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही; कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटची कॉइल गंजून गळती होतेच. आधी नायट्रोजन भरून दाब धरतो का बघायचे, सांध्यांना साबणपाणी लावायचे, मग गळती बुजवून वजनाने गॅस. दोनदा नुसता गॅस भरणे म्हणजे पैसे बाल्कनीतून उडवणे. आता 3,000 रुपयांपर्यंत न विचारता, त्यापुढे दोन कोटेशन, आणि पैसे मेकॅनिकला थेट यूपीआयने. हे लावल्यावर बिले आपसूक उतरली. आणि हो, प्लंबरचे काम चवथीच्या आधी उरकून घ्या. त्या आठवड्यात गोव्यात कोणी हाताला लागत नाही.

मॅनेजर तोच ठेवला आहे, पण फक्त भाडेकरू आणि वसुलीपुरता. बंद महिन्यांसाठी शेजारच्या इमारतीतल्या केअरटेकरला फेरीमागे पैसे ठरवलेत, आणि चावीचा दुसरा जोड आता त्याच्याकडे असतो. मीटरचा व्हिडिओ दोघांकडूनही.