तयार लोखंडी खुराडं, दहा महिन्यांनी (राग मुख्यतः ट्रेवर)

गेल्या आठवड्यात ट्रेची कड गंजून हातात आली, म्हणून लिहायला बसले. खुराडं सप्टेंबरात घेतलं. चार बाय तीनचं, अँगलचा सांगाडा, वर पत्रा, खाली ओढून काढायचा ट्रे. साडेनऊ हजार. विकणारा दहा कोंबड्यांचं म्हणतो. दहा जणी त्यात उभ्या राहतील, झोपणार नाहीत. आमच्या सहा ग्रामप्रिया (अंड्यांसाठी पाळतात ती सुधारित जात) आणि एक गावठी कोंबडा, तेवढ्यांना पुरतं.

आता ट्रे. पत्र्याचा उतार समोर आणि ट्रेचं तोंडही समोरच. म्हणजे पागोळ्या नेमक्या ट्रेच्या कडेवर. कोकणात विकायची वस्तू बनवणाऱ्याने एक पावसाळा तरी पाहावा! घेतलं तेव्हा पाऊस सरत आला होता, माझ्याही लक्षात आलं नाही. जूनमध्ये ट्रेत दोन बोटं पाणी, विष्ठेचा रबडा, आणि पहाटे दार उघडलं की डोळे चुरचुरणारा अमोनियाचा वास. कोंबड्या रात्रभर त्याच्यावर बसलेल्या. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "मॅडम, ट्रे कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही." कन्झ्युमेबल! मी खाते का तो? नवा साडेसातशेला, कुरियर वेगळं.

हे म्हणाले, खुराडंच फिरवून ठेव. फिरवलं तर दार भिंतीला लागतं. शेवटी बाथरूमच्या कामातून उरलेला तीन इंची पाइप उभा चिरून पन्हळ केली आणि तारेने पत्र्याखाली बांधली. खर्च शून्य.

तरी ट्रे ओलाच. इथे थोडी कबुली द्यायला हवी. रोज पाणी भरायचा कंटाळा म्हणून मी निपलची (कोंबडीने चोच मारली की थेंब सोडणाऱ्या तोट्यांची) नळी थेट गच्चीवरच्या टाकीला जोडली होती. ते निपल कमी दाबाचे, टाकीच्या दाबाने रात्रभर ठिबकत होते आणि मी शिव्या ट्रेला घालत होते. आता रंगाची रिकामी बादली निपलच्या दीड-दोन फूट वर टांगली आहे. ठिबकणं थांबलं. म्हणजे अर्धा रबडा माझ्याच कर्तृत्वाचा. आधी या निपलांना एकच स्टार देणार होते, आता तक्रार नाही.

जाळीला मात्र माफी नाही. षटकोनी, पातळ तारेची. नोव्हेंबरात मुंगसाने खालचा कोपरा उचकटला आणि अंड्यावर आलेली एक तलंग गेली. मग अर्धा इंची वेल्डमेश आणून चहूबाजूंनी बाहेरून बांधली, खाली फूटभर जमिनीवर पसरली आणि वर जांभ्याचे चिरे ठेवले. मुंगूस जाळीच्या बुडाशीच उकरतं, फूटभर मागे सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. चौदाशे रुपये गेले, या सगळ्यातला मोठा खर्च तोच.

बसायची दांडी गोल लोखंडी आणि अंड्यांच्या पेटीपेक्षा खाली होती. म्हणून सगळ्या पेटीतच झोपायच्या आणि सकाळी अंडी माखलेली. अडीच इंची लाकडी रीप कडा घासून वर ठोकली, प्रश्न मिटला.

आणि ट्रेच्या जागी? फ्लेक्स! चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स वाऱ्याने पडला होता, तो मागून आणला आणि मापात कापला. छापील बाजू खाली ठेवली आहे, उगाच वाद नको. वर भाताचा तूस चार बोटं. दोन-तीन दिवसांनी दोन कोपरे धरून ओढायचा, पातेऱ्याच्या खड्ड्यात झटकायचा. तिथे कुजलं की माडाला घालायचं, ताजं घातलं तर मुळं भाजतात. आठ दिवसांत वास नाही. तुटका ट्रे पडवीत नेऊन त्यात चुलीची राख घातली, तर कोंबड्या त्यात लोळायला रांग लावतात. ट्रेचा पहिला खरा उपयोग.

पुन्हा घेईन का? सांगाडा घेईन. ट्रे तुमच्याकडेच ठेवा आणि साडेसातशे कमी करा. सासूबाईंनी आयुष्यभर डालग्याखाली कोंबड्या झाकल्या, त्या सध्या खुराड्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत.