भारतीय भाषाकुळांचा भिंत-नकाशा : रंग देखणे, वर्गवारी ढिसाळ

मुलीच्या अभ्यासासाठी भारतीय भाषाकुळांचा एक लॅमिनेट केलेला नकाशा नुकताच मागवला. कागद जाड आहे, अक्षरे दुरूनही वाचता येतात आणि बलुचिस्तानातल्या ब्राहुईला द्राविडी कुळाचाच रंग देण्याइतकी काळजी घेतलेली दिसते.

घोळ आहे तो महाराष्ट्रात. मेळघाटातली कोरकू आणि गडचिरोलीतली गोंडी ‘आदिवासी भाषा’ या एकाच हिरव्या रंगात रंगवल्या आहेत. आदिवासी हे समाजाचे वर्गीकरण झाले, भाषेचे नव्हे. कोरकू मुंडा शाखेची म्हणजे ऑस्ट्रोआशियाई कुळातली आहे, तर गोंडी द्राविडी. गोंडीतले रंड, मूंद, नालुंग हे दोन, तीन, चार तेलुगूच्या रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशेजारी ठेवले की आणखी पुरावा मागावासा वाटत नाही. भिलीही त्याच हिरव्यात आहे, आणि ती तर मराठी-गुजरातीसारखीच इंडो-आर्य.

बुलढाणा जिल्ह्यातली निहाली मात्र नकाशावर कुठेच सापडत नाही. ब्रिटिश काळात भारतीय भाषांचे मोठे सर्वेक्षण करणाऱ्या जॉर्ज ग्रियर्सनच्या नोंदीत ती मुंडा गटात होती. पुढच्या अभ्यासकांनी तिला कोणत्याही कुळात न बसणारी ठरवले, कारण कोरकूतून आणि द्राविडी भाषांमधून घेतलेले शब्द बाजूला काढल्यावर उरणाऱ्या मूळ शब्दांचे नाते कुठेच जुळत नाही. अशा भाषेसाठी स्वतंत्र ठिपका हवाच होता.

कोकणीला मराठीची बोली न म्हणता स्वतंत्र भाषा दाखवले आहे, ते योग्यच. (घरात यावर वाद झाला, तो भाग वेगळा.) पाचांपैकी अडीच तारे, वर्गात लावणाऱ्या शिक्षकांनी हिरवा रंग आधी दुरुस्त करून घ्यावा.