फ्री डिशवरची आषाढी

मागच्या दिवाळीनंतर आम्ही टीव्हीचं महिन्याचं पॅक बंद केलं आणि गच्चीवर दूरदर्शनच्या फुकट सेवेची, डीडी फ्री डिशची, छत्री बसवली. छत्री, बॉक्स, वायर, बसवणाऱ्याची मजुरी धरून सतराशे रुपये गेले. महिन्याचं भाडं नाही. अमळनेरला आमचं पाच जणांचं घर, टीव्ही एकच आणि तोही सासूबाईंच्या खोलीत. त्यामुळे दिवाबत्तीनंतर जे लागतं ते नववीतल्या पोरापासून चौथीतल्या पोरीपर्यंत सगळे बघतात. मी लिहितेय ते त्या तासा-दीड तासापुरतं. क्रिकेटचं कुणा दुसऱ्याला विचारा.

पॅक काढायचं कारण पैसा नव्हता. त्यातल्या एका भक्तीच्या वाहिनीवर कीर्तन कमी आणि यंत्र-कवचांच्या जाहिराती जास्त. एक दिवस पोरीने पडद्यावरचा नंबर वहीत टिपला आणि माझ्या फोनवरून लावला. ‘बाबांचं गुडघं बरं होईल’ म्हणून! पुढे दोन महिने मला फोन येत होते. त्याच वाहिनीवर एक महाराज मुलींनी किती शिकावं ते सांगायला लागले, तेव्हा पोराने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, “बंद कर ते. माले हरिपाठ पाठ शे.”

आता फ्री डिशवर आम्ही मुख्यतः सह्याद्री लावतो. या आषाढीला पहाटे दोनला सगळे उठलो. पोरगाही, आणि तो एरवी शाळेच्या दिवशी सातलाही उठत नाही. शासकीय महापूजा सुरू झाली आणि बाहेर पाऊस. फ्री डिश कू बँडवर, म्हणजे पावसात अडणाऱ्या उपग्रह लहरींवर चालते, मोठ्या पावसात सिग्नल पडतो. नेमकं पंचामृताच्या वेळी चित्राचे चौकोन झाले. पोराने पटकन मोबाईलवर यूट्यूबला थेट प्रक्षेपण लावलं. पाच मिनिटांनी टीव्हीही परत आला, पण मोबाईल अर्धा मिनिट मागे. टीव्हीत आरती, मोबाईलात अजून अभिषेक. सासूबाई हात जोडून दोन्हीकडे बघत राहिल्या, “आते कोनत्या ईठ्ठलले हात जोडू वं?” पोरं हसून लोळली. सासूबाईही हसल्या, पण मोबाईल बंद करायला लावला.

तक्रार एकच, आणि ती छत्रीची नव्हे, एकूणच टीव्हीवाल्यांची. वारीच्या महिन्यात कॅमेरे आळंदी-देहूच्या वाटेवरून हलत नाहीत. मुक्ताईची पालखी आपल्या मुक्ताईनगरहून महिनाभर आधी निघते, पंढरपूरजवळ वाखरीला बाकीच्या पालख्यांना भेटते, पण आमची पोरगी दरवर्षी डोळे ताणून बसते तेव्हा कुठे दोन क्षण दिसते. बहिणीला एवढंच? (हे पोरीचे शब्द.)

घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. फ्री डिशवर खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात, त्यामुळे काल असलेली वाहिनी आज नसते. अधूनमधून ऑटो स्कॅन मारावा लागतो, म्हणजे बॉक्स वाहिन्या नव्याने शोधतो. आमच्याकडे ते काम पोराचं. त्याला अभंगात रस कमी, पण पखवाज वाजायला लागला की वहीवर बोटं चालतात. मी बघून न बघितल्यासारखं करते.

वैशाखात मात्र छत्रीचा काही उपयोग नाही. आमच्या अमळनेरच्या संत सखाराम महाराजांचा रथ निघतो तेव्हा टीव्ही बंद, सगळे बोरी नदीच्या पात्रात. ते टीव्हीवर दाखवलं तरी पोरं घरात थांबायची नाहीत, कारण टीव्हीत जिलबी मिळत नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा पावसाने कापला, एक मुक्ताईने. छत्री गच्चीच्या मधोमध बसवू नका, उन्हाळ्यात पापड वाळत घालायला जागा उरत नाही. आमची आता कोपऱ्यात हलवायची आहे.