कॉफीत धुतलेला रोल, रिव्ह्यू

कॅफेनॉल शेवटी करून बघितलं. म्हणजे कॅमेऱ्याची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुताना डेव्हलपरऐवजी (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी पावडर. १९९५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या इन्स्टिट्यूटमध्ये हे पहिल्यांदा जमवलं होतं, व्हिटॅमिन सी नंतर आलं. ५०० मिलीच्या टँकला २७ ग्रॅम सोडा, ८ ग्रॅम व्हिटॅमिन सी, २० ग्रॅम कॉफी, २० डिग्रीला १५ मिनिटं. कॉफी सगळ्यात स्वस्तवाली घ्या पण चिकोरी नसलेली, डबा उलटा करून वाचा, आपल्याकडे निम्म्या डब्यांत चिकोरी असतेच.

पहिला रोल मी घालवला, किचनमधला खायचा सोडा टाकला होता, निगेटिव्ह जवळपास कोरी आली, चूक माझीच. दुसरा एचपी५ (इलफर्डची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म), पुण्यातल्या मे महिन्यात नळाचं पाणी इतकं गरम की बाहेर बर्फाची बादली ठेवून कसंबसं २० वर आणलं, पण फोटो खरंच मस्त आले, थोडा तपकिरी टिंट, ग्रेन (फोटोतले बारीक दाणे) जरा जास्त, मला तर आवडला. फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन) मात्र लागतोच, तो विकतच आणा.

वास? अहो विचारू नका, आईने बाथरूममध्ये डोकावून विचारलं काय मेलंय का इथे.

पाचपैकी चार स्टार, एक वासाचा कापला.