सीईए मोजायला: इम्पिडन्स की सँडविच?

रक्तातलं सीईए (कार्सिनोएम्ब्रायॉनिक अँटिजेन, काही कॅन्सरमध्ये वाढणारं प्रथिन) इलेक्ट्रोडवर मोजायचं ठरलं की पहिला फाटा इथेच फुटतो: लेबलशिवाय इम्पिडन्स, म्हणजे इलेक्ट्रोडवर काही बसलं की विजेला होणारा अडथळा मोजणं, की एन्झाइम लावलेली सँडविच, म्हणजे सीईएला दोन अँटीबॉडींच्या मध्ये पकडणं. पुण्यात पाषाणच्या आमच्या लॅबमध्ये मी दोन्ही करून पाहिल्या आहेत.

इम्पिडन्सचा मोह कुणालाही पडेल. एकच अँटीबॉडी लागते, थेंबभर सीरम टाकायचं, धुवायचं, फेरी-फेरोसायनाइडमध्ये मोजायचं, तासाभरात आकडा हातात. बफरमध्ये माझी कॅलिब्रेशनची रेष इतकी सुरेख यायची की तिची प्रिंट काढून मी टेबलासमोर लावली होती.

घोडं अडलं ते सीरममध्ये. निरोगी माणसाचा नमुना, त्यात सीईए जेमतेम, तरी नायक्विस्ट आलेखातलं अर्धवर्तुळ टम्म फुगलेलं, म्हणजे अडथळा वाढलेला. कारण उघड आहे. सीईएची नॉर्मलची वरची सीमा साधारण 5 नॅनोग्रॅम प्रति मिली धरतात आणि त्याच एका मिलीत अल्ब्युमिन असतं 35 ते 50 मिलिग्रॅम, म्हणजे किमान सत्तर लाख पट. इलेक्ट्रोडवर काहीतरी बसलं एवढंच इम्पिडन्सला कळतं. काय बसलं ते कळत नाही. नको ते चिकटू नये म्हणून बीएसएने ब्लॉक केलं, ट्वीन-20 घातलं, पेगचा थर दिला. फुगवटा कमी झाला खरा, पण सोमवारचा ब्लँक, म्हणजे सीईए जेमतेम असलेल्या नमुन्याचा आकडा, बुधवारच्या ब्लँकशी जुळेना. रोज सारखाच वाढला असता तर वजा तरी केला असता. एक दिवस ब्लँक 5 नॅनोग्रॅमच्या स्टँडर्डच्याही वर गेला आणि मी त्या वहीत पुढे लिहिणं थांबवलं.

सीईए मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पाठपुराव्याला बघतात. मागच्या वेळेपेक्षा आकडा वाढलाय का, यावर पुढच्या तपासण्या ठरतात, घरचे त्या रिपोर्टकडे डोळे लावून बसलेले असतात. तिथे रोज बदलणारा ब्लँक मला तरी परवडणारा वाटला नाही.

सँडविचमध्ये दुसरी अँटीबॉडी सीईएच्याच वेगळ्या जागी बसते आणि करंट येतो तो तिच्यावरच्या एचआरपी या एन्झाइममुळे, त्याला लागणारं टीएमबी आणि पेरॉक्साइड घातल्यावर. अल्ब्युमिन चिकटतंच, पण त्याच्याकडे एचआरपी नाही. माझे ब्लँक यावर स्थिरावले.

कटकटी आहेतच. दोन अँटीबॉडींचा खर्च, धुण्याच्या फेऱ्या, दोन-अडीच तास. बफरमध्ये सोडियम अझाइड असेल तर एचआरपी बंद पडतं. माझा एक अख्खा आठवडा त्यात गेला. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा कॉन्जुगेट (एचआरपी जोडलेली अँटीबॉडी) बर्फात काढून ठेवावं लागतं. सीईए फारच जास्त असेल आणि नमुना आणि दुसरी अँटीबॉडी एकदम घातली असेल तर आकडा उलट कमी दिसतो, म्हणून शंका आली की नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावा.

अँटीबॉडी पृष्ठभागावर कशी बसते एवढंच अभ्यासायचं असेल, तर इम्पिडन्स कदाचित पुरेल. रुग्णांचे नमुने लावणार असाल तर ऑर्डर देण्याआधी निरोगी सीरमचे दहा ब्लँक तीन वेगवेगळ्या दिवशी इम्पिडन्सवर घेऊन बघा. ते जुळले, तर दुसऱ्या अँटीबॉडीचे पैसे वाचतील. माझे जुळले नाहीत.